फेसात उभा बगळा

मंडळी, आज सकाळी वारज्यात मुठेच्या काठावर आमचा ग्रुप नेहमीप्रमाणे पाणी तपासायला गेला होता. नमुना घेण्याआधी मी बाटली नदीच्याच पाण्याने विसळत होते. तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन वरून ओरडले, "कोणाच्या परवानगीने पाणी घेताय?"

मी आमच्याच कंपाउंडमधून येणाऱ्या, फेस ओकणाऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं. "ज्याच्या परवानगीने हा नदीत सोडलाय, त्याच्याच!"

ते खाली आले. मला ओळखताच आवाज मऊ झाला. "अहो मॅडम, आपलीच सोसायटी आहे. फोटो टाकू नका, फ्लॅटचे भाव पडतील."

आपलीच आहे, म्हणूनच टाकलाय. त्या फेसात माझ्याही धुण्याचा साबण आहे. फोटोत बगळाही दिसेल. त्याला दुसरा फ्लॅट नाही.

तुमच्या मोरीतलं पाणी कुठे जातं, पाहिलंत कधी?