सुजयच्या पाटावर नूतन

हमरापूरच्या बेंजो ग्रुपची मॅनेजर नूतन. तिला स्टेजवर कुणी बघितलं नाय, पण सुपाऱ्या घेणं, पोरांची भांडणं मिटवणं तिचंच. मुंबईच्या कंपनीनं ग्रुपला पहिलं गाणं रेकॉर्ड करायला बोलावलं, तेही नेमकं गणपतीच्या तोंडावर. बेंजो वाजवणारा सुजय कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. नूतन त्याची रजा मागायला गेली, तर मालक बाबाजी अडून बसले.

"डोळे कोण आखील? तुझा बेंजो?"

"मी आखीन, काका. माहेरी हेच केलंय. त्याला सोडा."

"आणि मॅनेजरच नाय गेली तर गो?"

"गाणं काय मॅनेजर वाजवते?"

पोरं गेली. नूतन सुजयच्या पाटावर बसली. संध्याकाळी सुजयनं मुंबईवरनं फोनवर गाणं ऐकवलं, तसा सगळा कारखाना नाचायला लागला.

"आवाज बारीक करा रे," मूर्तीवरनं ब्रश उचलत नूतन म्हणाली, "हात हलतोय माझा."