ओंजळीतून सुटलेला घाट

आण्णामामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी साताऱ्यात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मामीचा आवाज कोरडा होता, उन्हात विसरलेल्या कापडासारखा. "बाय, तुझा मामा गेला. सकाळी तोंड धुयाला उठला आन् वट्यावरच बसला... मी च्या घिऊन आले तवा गार." पलीकडे कुणीतरी भांडी हलवीत होतं, तो आवाजही मला स्पष्ट आठवतो. रडू नंतर आलं, आधी राग आला. दीड महिना उलटून गेला तरी तो निवळलेला नाही, आणि तो निवळण्याची वाट पाहिली तर मामांवर कधीच लिहून होणार नाही.

सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आमचं गाव. मामा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना ओळखायचं ते वरच्या आळीच्या होडीचे सुकाणू धरणारे म्हणून. या होडीवर कुणाचं पोट नव्हतं. गवंडी, शिक्षक, पानपट्टीवाला, सुट्टीवर आलेला जवान अशी आठ माणसं पहाटे घाटावर जमायची आणि निव्वळ आनंदासाठी दंड दुखेपर्यंत वल्हवायची. श्रावणात, नदी तांबूस आणि भरलेली असताना, खालच्या आळीशी शर्यत व्हायची. मुलींना होडीत बसवायची पद्धत नव्हती. मामांनी मला आठव्या वर्षी आपल्या पायांपाशी बसवलं. तेल पाजलेल्या लाकडाचा उग्र वास, मांडीला लागणारा फळ्यांचा गारवा, आणि आठ वल्ही एकाच वेळी पाण्यात शिरताना होणारा तो खोल, घुमणारा आवाज... पुढे वृत्तं शिकवताना मुलांना लय म्हणजे काय हे सांगायची वेळ आली, की माझ्या कानात प्रथम तोच आवाज येई.

शर्यतीआधीची एक रीत होती. प्रत्येक वल्हेकऱ्यानं काठावरून वाकून ओंजळभर नदी प्यायची आणि 'होडी सोडणार नाही' एवढंच म्हणायचं. ना वही, ना सही. ओंजळ घेतलेला माणूस तापानं फणफणला तरी दुसऱ्या दिवशी घाटावर हजर असे. मामांना या रीतीचा फार अभिमान होता. माझ्या मते त्याच अभिमानानं त्यांचा घात केला.

काही वर्षांपूर्वी घाटाच्या सुशोभीकरणाचा आराखडा आला. फरशा, दिवे, पर्यटकांसाठी मोटारबोटी. घाट एका कंपनीकडे चालवायला द्यायचा, आणि सुरक्षेच्या कारणास्तव शर्यतीच्या होड्यांना तिथून पाण्यात उतरायला बंदी. मामांनी तेव्हा जे केलं ते गावात कुणालाही जमलं नव्हतं. पिढ्यान्पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन्ही आळ्या त्यांनी एका सतरंजीवर बसवल्या. खालच्या आळीचा म्हातारा कप्तान म्हणाला होता, "आण्णा, तुज्या होडीम्हागं बसायला आमी काय तुजी वरात हाय व्हय रं?" मामा म्हणाले, "म्हागं नगंस, फुडं बस. पर घाटच ऱ्हायला न्हाई तर गड्या तू हरणार कुठं?" सगळे हसले, आणि त्या हसण्यात ठरलं की नगरपरिषदेच्या निवडणुकीत होडीवाल्यांच्या घरांतलं प्रत्येक मत घाट खुला ठेवणाऱ्यालाच पडेल. मामा महिनाभर दारोदार फिरले. उमेदवार म्हणून उभा केला तो त्यांच्याच होडीतला, त्यांनीच हाताला धरून वल्हवायला शिकवलेला संपत.

संपत सगळ्यांसमोर शब्द देणार होता, त्या दिवशी मी मुद्दाम साताऱ्याहून गेले होते. घाटाचा ठेका कुणालाही देणार नाही, दिला गेल्यास राजीनामा देईन, असं प्रतिज्ञापत्र त्याच्या सहीसाठी टाइप करून नेलं होतं. मामांनी ते वाचलंसुद्धा नाही. घडी घालून माझ्या हातात परत दिलं. "लिवून घ्यायाला त्यो काय परका हाय? घाटावर ओंजळ घील."

संपतनं ओंजळ घेतली. दोन्ही आळ्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, उन्हं तिरकी होती, वरच्या नाल्याचं पाणी मिसळून नदीला साबणाचा आणि कुजल्याचा वास येत होता. मी सगळ्यांत खालच्या पायरीवर होते. त्यानं हात ओठांशी नेले आणि बोटं सैल सोडली. पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळलं, सदऱ्याच्या बाह्या भिजल्या. ओठ कोरडेच होते. "होडी सोडणार न्हाई," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, घाण पाण्याची किळस आली असेल... आणि मी गप्प राहिले.

संपत निवडून आला. पहिल्याच पावसाळ्याआधी घाट कंपनीला देण्याचा ठराव झाला आणि त्यावर त्याचा हात वर होता. मामा त्याच्याकडे गेले, तेव्हा मी बरोबर होते. त्यानं चहा मागवला, खुर्ची पुढे ओढली, आदरात काहीही कमी नव्हतं. "आवं आण्णा, वरनं दाब हाय. मी एकटा काय करणार? आन् मी कुठं काय लिवून दिलतं?" मामांनी चहा घेतला नाही. माझ्या पिशवीत ते प्रतिज्ञापत्र तसंच होतं, आणि ते मला दगडासारखं जड झालं होतं. पुढे अर्ज झाले, धरणं धरून झालं, कुणीतरी कोर्टाचं नाव काढलं. वकिलानं पहिला प्रश्न विचारला, तुमच्या हक्काचा कागद कुठं आहे? घाटावर जाळीचं फाटक बसलं. खालची आळी 'आण्णानं बुडवलं' म्हणत पुन्हा खाली गेली.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. मामा खूप वाळले होते. इतकी वर्षं मनात कुजत ठेवलेलं मी अखेर बोलले. "मामा, संपत पाणी प्यायलाच नव्हता. मी पाहिलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"मलाबी दिसलं हुतं, बाय."

"मग?"

"तवा बोललो असतो तर दोनी आळ्या तितंच फुटल्या असत्या. किती वरसांनी जवळ आलत्या... आन् माज्या होडीतल्या पोराला चारचौघांत खोटा कसा म्हणू?"

मला त्यांचा विलक्षण राग आला. अजून आहे. गावाची एकी जपायला त्यांनी ती एकी ज्यासाठी होती तो घाटच गमावला. आणि मी शब्दांची माणूस, त्याच पायरीवर तोंड मिटून उभी होते.

तेराव्याला संपत आला. पांढरे कपडे, बरोबर चार माणसं. डोळे पुसत त्यानं जाहीर केलं, की घाटाला आण्णांचं नाव देण्याचा प्रस्ताव तो मांडणार आहे. मामी भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "लाव की बाबा नाव. पर खाली हेबी लिव, की ह्या आण्णाला फाटकातनं आत कुणी सोडत न्हवतं." संपत जेवायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीच्या मागोमाग परसात गेले. पत्र्याच्या छपराखाली वरच्या आळीची होडी दोन ओंडक्यांवर ठेवलेली आहे, लांबलचक आणि गप्प. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून फाटक बसल्यापासून मामा रोज सकाळी तिच्यात पाणी ओतत असत, शेवटच्या सकाळच्या आदल्या दिवसापर्यंत. आता मामी ओतते. बादली उचलताना तिचा श्वास लागतो. "नळ एक दिसाआड येतोय," ती म्हणाली, "म्हणून धुणं कमी केलंय." मी दुसरी बादली घेतली. पाणी फळ्यांवर पसरलं, सांध्यांतून हळूहळू खाली मातीत ठिबकू लागलं. मी वाकून वास घेतला. तेल नव्हतं, शेवाळ नव्हतं, नदी नव्हती; फक्त नळाच्या पाण्यातल्या औषधाचा झोंबरा वास होता... मामी तिसरी बादली भरायला गेली.