खोलीचा आवाज

आजोबा प्रश्न विचारत आणि मग गप्प बसत. उत्तर मिळालं तरी गप्पच. त्या शांततेत माणूस अवघडतो आणि मघाशी गिळलेलं खरं बोलून टाकतो. "शाळा किती झाली?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, "झाली की." ते बघत राहिले. फ्रिज घुरघुरत होता. शेवटी मीच म्हणाले, "आठवी. मग इचलकरंजीला मागावर कांड्या भरायला गेले." आता हे काम गेलं, असं वाटून मी पर्स उचलली. ते म्हणाले, "मी सातवी. मासळीच्या लिलावात बर्फ फोडायला." आणि झाडू कुठे असतो ते दाखवलं.

कॅनडात, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लव्हालमध्ये आमच्या भाड्याच्या बेसमेंटपासून दोन बस स्टॉपवर त्यांचं घर. नवरा गोदामात कामाला, मी लोकांची घरं साफ करायची. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीतलं. "आजोबा" हा शब्द तेवढा मी शिकवला आणि त्यांना तो आवडला. ते मूळचे डेन्मार्कचे, समुद्रकाठच्या गावातले. त्यांच्या वडिलांच्या बोटीवर कुणी फिल्मवाले आले, आजोबा मायक्रोफोन धरायला उभे राहिले, ते पुन्हा बर्फाकडे गेलेच नाहीत. पुढे स्वतःच्या डॉक्युमेंटरी काढल्या. त्यात राजा नाही, मंत्री नाही. जाळी विणणाऱ्या बायका, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या बायका, रस्त्यावरचा स्नो काढणारे ड्रायव्हर. मासेमारी बंद पडलेल्या कोळ्यांवर फिल्म करायला कॅनडात आले आणि मॉन्ट्रियलच्या एका नर्सशी लग्न करून राहिले. म्हणायचे, "फिल्म सहा आठवड्यांची होती. पुढची चाळीस वर्षं ठरलेली नव्हती."

त्यांचा एक नेम होता. कुठेही शूटिंग संपलं की सामान आवरण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट निश्चल उभं राहायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज टेपवर घ्यायचा. फिल्मचे तुकडे जोडताना तो खालून पसरतात. गोधडीच्या अस्तरासारखा, असं माझं मी समजून घेतलं. "प्रत्येक खोली वेगळी गप्प असते," ते म्हणत. ऐंशी ओलांडल्यावरही सवय सुटली नव्हती. एकदा स्वयंपाकघरातच त्यांनी टेप सुरू केली आणि मला हलू नको म्हणाले. मला कुठली शांतता सोसते? घरात माणूस गप्प झालं की काहीतरी चुकलंय, असंच लहानपणापासून वाटत आलेलं. पाच सेकंदांत तोंडातून गेलं, "चहा टाकू का?" त्यांनी फक्त बोट वर केलं. बिघडलं तरी मिनिट पुरं करायचं, हाही नेमच. मिनिट संपल्यावर म्हणाले, "यस, प्लीज. आलं घालून." मग टेप बंद करून डबीवर लाल फुली मारली. लाल फुली म्हणजे बिघडलेलं.

त्यांच्या बेसमेंटमध्ये अशा टेपची खोकी भिंतभर होती. एका संस्थेनं ती जपायला मागितली होती, म्हणून ती नीट क्रमानं लावायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. डब्यांवरचं डॅनिश, फ्रेंच मला काय वाचता येणार? तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग कानानं लाव." एका डबीवर 'पत्र्यावरचा पाऊस' लिहिलंय, असं त्यांनी वाचून दाखवलं. मी ऐकून म्हटलं, "आजोबा, हा पाऊस नाही. माग चाललेत, आणि एक धोटा अडकतोय." त्यांनी पुन्हा ऐकलं आणि माझ्यासमोर स्वतःचं अक्षर खोडलं. कुणा शिकल्यासवरल्यानं माझ्या शब्दावर खोडलेलं ते पहिलंच.

संस्थेची गाडी यायच्या आठवड्यात ते म्हणाले, "लाल फुलीच्या टाकून दे." आणि जरा वेळानं, "जगातल्या खोल्या आहेत माझ्याकडे. बायको असतानाचं हे घर तेवढं नाही. तिचा आवाजसुद्धा नाही."

मी फुलीवाल्या टाकल्या नाहीत. एकेक लावून ऐकल्या. कुत्री भुंकत होती, कुणी शिंकत होतं. गाडी यायच्या आदल्या दुपारी एकीत एका बाईनं कॉफी हवी का, असं फ्रेंचमध्ये विचारलं, "कॅफे?" मग कप ठेवल्याचा आवाज, मग ती हळूच काही गुणगुणत लांब जात होती. मी मशीन तसंच उचलून वर नेलं. आजोबांनी तीनदा ऐकलं. मी बोलले नाही. त्यांच्याकडूनच शिकले होते. खूप वेळानं ते म्हणाले, "मी उत्तर दिलंच नाही तिला. मिनिट बिघडलं म्हणून चिडलो होतो."

गाडीतून सगळी खोकी गेली. ती एक टेप त्यांच्या उशाशी राहिली.

आजोबा एप्रिलमध्ये गेले, अंगणातला शेवटचा बर्फ वितळत असताना. कॅलगरीहून त्यांची मुलगी घर रिकामं करायला आली. निघताना त्यांच्या खणात सापडलेली एक डबी तिनं माझ्या हातात ठेवली. लाल फुलीवर त्यांनी काट मारली होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं, 'सुनीता'. माझं नाव मी एकदा कागदावर लिहून दाखवलं होतं, त्यावरून चित्रासारखं काढलेलं. टेप वाजवायचं मशीन माझ्याकडे नाही, म्हणून मुलीनंच त्यातला आवाज माझ्या फोनमध्ये घालून दिला.

आता दुपारी कामावरून आले की गॅसवर पाणी ठेवते आणि फोन लावते. त्यात मी विचारते, "चहा टाकू का?" मग फ्रिज घुरघुरतो, खुर्ची करकरते, कुणीतरी श्वास घेतं. मी हलत नाही. इकडे पाण्याला उकळी फुटते, तरी आलं किसायचं थांबवून ठेवते, ते हो म्हणेपर्यंत.