याकोबभाऊंचा नववा अध्याय

याकोबभाऊ गेल्याची बातमी आमच्या गावी एसटीच्या कंडक्टरनं आणली. एटापल्लीच्या पुढं, आत जंगलात आमचं गाव. दिवसाला एकच गाडी. तार पोचायला दोन दिवस लागतात, म्हणून भाऊंना आदल्याच दिवशी नेलं होतं त्या चंद्रपूरच्या इस्पितळातून त्यांच्या पुतण्यानं कंडक्टरजवळच निरोप दिला होता. मी शाळेच्या पडवीत पाचवीच्या वह्या तपासत होतो. कंडक्टर खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे भांडनारे भाऊ गेले जी..." आमची ओळख साऱ्या रस्त्याला अशीच होती. त्याला आता सहा आठवडे होतील.

याकोबभाऊ इथल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होते. एकटा जीव. ऐंशी सालानंतर लगेचच मी पोंभुर्ण्याहून बदलून आलो, तेव्हा गावात कुठं खोली मिळेना, तर त्यांनी दवाखान्याच्या आवारातली आपल्या शेजारची खोली मला दिली. मी बौद्ध घरातला, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि देव म्हटलं की माझ्या अंगात भांडण संचारायचं. रविवारी सकाळी भाऊ औषधांच्या खोलीत दहा-पंधरा माणसांना शास्त्रपाठ सांगत. दर हिवाळ्यात इस्राएली लोक कनान देश जिंकतात तो भाग यायचा. मी मधल्या बांबूच्या तट्ट्याच्या अलीकडे दाढी करत ऐकायचो आणि मंडळी पांगली की सुरू व्हायचो. यरीहो नगराच्या भिंती शिंगांच्या आवाजानं पडल्या, ठीक. पण आतल्या लेकराबाळांनी काय केलं होतं? ज्यांच्या जमिनीवर हे चालून गेले त्यांनी कोणाकडे बघायचं? आमच्या आजूबाजूला कोणाची जमीन कोणाकडे गेली हे डोळ्यांनी दिसत होतं, त्यामुळे माझा आवाज जरा चढायचाच. भाऊ चहा गाळता गाळता म्हणायचे, "मले मालूम नाई, मास्तर. तो अध्याय वाचला का माह्या घशाले कोरड पडते. मी पानी पेतो अन् पुढे वाचतो." एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर भांडणार तरी कसं? मला त्यांचा रागच यायचा.

त्यांचा जीव होता तो त्याच भागाच्या नवव्या अध्यायावर. इस्राएलांचा पुढारी यहोशवा, त्याची फौज एकेक नगर घेत येते आहे. गिबोन नावाच्या नगराचे लोक घाबरतात. फाटके जोडे, ठिगळांचे कपडे, बुरसटलेल्या भाकरी असं सोंग घेऊन येतात आणि म्हणतात, आम्ही फार लांबचे, आम्हाला अभय द्या. यहोशवा शपथेवर अभय देतो. तीन दिवसांनी कळतं, हे तर हाकेच्या अंतरावरचे. लोक खवळतात, पण शपथ मोडत नाहीत. गिबोनकर जगतात, लाकडं फोडणं आणि पाणी भरणं तेवढं त्यांच्या नशिबी येतं. "भिंती का, शिंग फुकले अन् पडल्या," भाऊ म्हणायचे. "ज्यानं फसवलं त्याले देल्ला शब्द पाळनं, हे खरं जिकनं व्हय." मी म्हणायचो, भाऊ, पुस्तकात सोपं असतं.

दुसऱ्या वर्षी, होळीनंतर, डोमाजी आणि बायजाबाई असं एक म्हातारं जोडपं दवाखान्यात आलं. बायजाबाईला कुष्ठरोग, हातांची बोटं जवळजवळ गेलेली. डोमाजीच्या चपला झिजून सुतळीनं बांधलेल्या, फडक्यात आंबलेला भात. इंद्रावतीपलीकडून आलो, पाच दिवस चाललो, आम्हाला कोणी नाही, असं त्यांनी सांगितलं. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचा नियम होता, की लांबच्या रोग्यांनाच आवारात ठेवायचं; जवळच्यांनी घरून येऊन गोळ्या न्यायच्या, नाहीतर आसपासची गावं बिथरतात. भाऊंनी विहिरीमागची झोपडी त्यांना दिली आणि म्हणाले, "बसा आता. इथून तुमाले कोनी हाकलनार नाई. माहा शब्द हाय."

तीन-चार दिवसांनी मी सुट्टीहून परतलो आणि डोमाजीला बघताक्षणी ओळखलं. दीड कोसावरच्या टोलीतला, त्या छोट्या वस्तीतला. पटनोंदणीला गेलो होतो तेव्हा त्याच्या अंगणात पाणी प्यालो होतो. खरं पकडण्याची मास्तरांना खोडच असते. मी औषधांच्या खोलीत, चार माणसांसमोर, मोठ्यानं बोलून टाकलं, हा तर इथलाच. डोमाजी खाली बसला. टोलीनं त्यांना बाहेर काढलं होतं, म्हणाला. जवळचे सांगितलं असतं तर इथंही कोणी ठेवलं नसतं...

गोष्ट मंडळापर्यंत गेली आणि पंधरा दिवसांत त्यांचे साहेब जीपनं आले. खोटं बोलून घेतलेल्या शब्दाला अर्थ नाही, यांना काढा, असं त्यांचं म्हणणं. भाऊ उभेच होते. म्हणाले, "साहेब, तो खोटा बोलला. मी तं खरा बोललो ना जी? माहा शब्द त्याच्या खोट्यानं खोटा कसा होईन?" साहेबांनी काही झोपडी पाडली नाही, पण भाऊंचा शास्त्रपाठ बंद केला. नियम न पाळणाऱ्यानं इतरांना काय शिकवावं, असं म्हणाले. रविवारची ती सकाळ हा त्या माणसाचा श्वास होता. पुढचे पाच हिवाळे औषधांच्या खोलीत कोणी कनान जिंकलं नाही. माझ्या एका वाक्यानं हे झालं, आणि भाऊंनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

पुढं डोमाजी वारला. बायजाबाईला विहिरीचा दोर धरता येईना. तेव्हापासून ती पहाटे घागर दाराबाहेर ठेवायची आणि भाऊ ती भरून ठेवायचे. मी एकदा चिडवलं, "भाऊ, तुमच्या शास्त्रात गिबोनकर पाणी भरतात. तुम्ही उलटंच चालवलंय." ते दोर ओढता ओढता हसले. "बाईले बोटं नाईत, मास्तर. मंग भराले तं कोनी पायजे ना?"

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर बायजाबाईची घागर तिच्या झोपडीबाहेर, रिकामीच. तिला कळलं नव्हतं असं नाही. कंडक्टरचा आवाज साऱ्या गावानं ऐकला होता. मी विहिरीमागं गेलो. मग घागर उचलली, दोन बादल्या ओढल्या. तळहात सोलून निघाले. दाराशी घागर ठेवली तशी ती आतून म्हणाली, "कोन हाय?"

"मास्तर."

"आमाले वळखलं होतं, तोच?"

"तोच, बाई."

ती रडली असावी, किंवा मीच रडत होतो. मग आतून आणखी एक रिकामी घागर सरकत उंबऱ्यावर आली.

"भाऊ दोन भरत जाय," ती म्हणाली.

तो ग्रंथ मी आजही मानत नाही. सकाळी दोन घागरी भरतो.