तोंडावर कोणी बोललं नाही

निलेश भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला तेव्हा जान्हवीला वाटलं, थकत असेल. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात तो पॅकिंगचा सुपरवायझर होता, दिवाळीच्या आधी तर दिवसभर पायांवर उभा. पण दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी भिंतच. पुढच्या वर्षीची दिवाळीही तशीच गेली. ती काही सांगायला जवळ गेली की हा मान मागे घ्यायचा, मोबाईल उचलायचा, नाहीतर एकदम तहान लागल्यासारखा माठाकडे जायचा. नवरा असा वागायला लागला की बायकोचं मन कुठे जातं ते सांगायला नको. जान्हवीचंही तिथेच गेलं.

स्वभावाने ती पहिल्यापासून तिखट. वडील गिरणीतले, गिरणी बंद पडली तेव्हा ही पाळण्यात. पुढे वडिलांनी वॉचमनची नोकरी धरली आणि घर आईच्या आवाजावर चाललं. तो आवाज जान्हवीने उचलला. बारावीनंतर ब्युटीपार्लरचा कोर्स केला, आणि चारकोपच्याच एका सेक्टरमधल्या रुचिरा मॅडमच्या पार्लरमध्ये लागली. थ्रेडिंगला तिचा हात असा हलका की बायका दुसरीकडे बसायच्याच नाहीत. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाकून सपसप भुवई कोरायची. "जान्हवी असली तरच येते," असं फोनवर सांगणाऱ्या बायका होत्या.

त्याच बायका हळूहळू "कोणीही चालेल" म्हणायला लागल्या. मग एके दिवशी मॅडमने तिला आत बोलावून सांगितलं, "जान्हवी, तू थोडे दिवस पेडिक्युअर बघ ना. नवीन मुलीला आयब्रोचा हात बसू दे."

चेहऱ्यावरून तिला पायांवर आणलं. ती बुटकं स्टूल घेऊन लोकांच्या टाचा घासत बसली आणि दात-ओठ खात राहिली. नवीन मुलीने मॅडमचे कान भरले, हे तिने ठरवून टाकलं. घरी नवरा तसा, कामावर हे असं. आणि त्यात निलेशच्या मोबाईलवर 'श्वेता अकाउंट्स' असं नाव दिवसातून चारदा चमकायचं.

एका दुपारी पार्लरमधून अर्धी सुट्टी टाकून ती सरळ गाळ्यावर गेली.

जेवणाची सुट्टी होती. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये सगळे डबे उघडून बसले होते. निलेशच्या समोरच एक मुलगी बसली होती, चष्मा लावलेली, हातात घडीची पोळी.

"तू श्वेता का गं?" जान्हवीने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मी त्याची बायको. तुला दुसऱ्याचाच नवरा सापडला? लाज नाही वाटत?"

त्यापुढे ती काय काय बोलली ते तिलाही नंतर पूर्ण आठवेना. श्वेता उभी राहिली, पोळी हातातच. "वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज..." एवढंच ती दोनदा म्हणाली. प्रत्येक वेळी जान्हवीने तिला मध्येच तोडलं, अगदी नाकासमोर जाऊन. श्वेता एक पाऊल मागे सरली, आणि त्यावरून जान्हवीला वाटलं, चोर पकडला गेला. आणि निलेश? तो आख्ख्या गाळ्यासमोर खाली मान घालून उभा. शेवटी पुटपुटला, "घरी चल. तमाशा नको."

तमाशा घरी झाला. दार लावायच्या आधीच तिने सुरुवात केली. "'नाही' म्हणालास का तिथे? एक शब्द तरी फुटला तोंडातून? म्हणजे खरंच आहे!"

"काही खरं नाहीये."

"मग दोन वर्षं मला टाळतोस कशाला? मी काय महारोगी आहे? काय आहे काय माझ्यात असं?"

"वास येतो!" निलेश ओरडला. "वास येतो तुझ्या तोंडाला! श्वेता नाही, कोणी नाही. वास! आता कळलं?"

सासूबाई, वनमाला, ओट्याशी कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. त्या न उचललेल्या मानेवरूनच जान्हवीला कळलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हायत होता गे," वनमाला म्हणाल्या. "पण तुका कसा सांगूचा? पोटात घाण आसता, म्हणान तोंडाक वास येता. एरंडेल घे म्हणान सांगलंय नाय?"

जान्हवी पलंगाच्या कडेवर बसली. एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसायला लागली. पार्लरच्या काउंटरवर मॅडमने मध्येच ठेवलेली पेपरमिंटची वाटी. "तू पण घे ना एक," असं हसून म्हणणं. शेजारच्या सुबोधच्या बायकोने बोलताना नाकाला लावलेला पदर. मॅडम तोंड बाजूला करून बोलायची. आणि श्वेताचं मागे सरलेलं ते पाऊल. तिला वाटत होतं दुनिया तिच्याविरुद्ध कट करते आहे. कट होताच, फक्त वेगळा.

"दोन वर्षं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि निलेश तिच्या त्याच आवाजाला घाबरायचा. "दोन वर्षं मी आरशासमोर उभी राहून विचार करत होते, माझं काय कमी पडलं. आणि तू तिकडे नाक दाबून झोपत होतास."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता छान वाटतंय?"

दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड घासायला घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. तुरटीच्या गुळण्या झाल्या, लवंग झाली, बडीशेप, त्रिफळा, खोबरेल तेल तोंडात धरून बसणं झालं, सासूबाईंचं एरंडेलही झालं. नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेली. त्याने पोट दाबून बघितलं, "अॅसिडिटी आहे, चहा कमी करा," म्हणाला आणि गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की पुन्हा जायची, तो पुन्हा पोट दाबायचा. तोंडाला वास येतो म्हणून आलेल्या बाईला "आ कर" म्हणायचं त्याला कधी सुचलं नाही. लॉकडाऊननंतर कपाटात टाकलेले मास्क तिने बाहेर काढले आणि घरातही लावायला लागली. जेवताना पाठ करून बसायची. बोलणं अगदी तुटक झालं. चाळीस माणसांचा आवाज असलेली बाई हातवाऱ्यांवर आली, आणि आत राग असा शिजत राहिला की झाकण कधी उडेल सांगता येईना.

झाकण उडालं नाही, जबडाच अडकला. एका सकाळी उठली तर तोंड बोटभरसुद्धा उघडेना, उजवा गाल लाल, कानापर्यंत ठणका. निलेश तिला बोरिवलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीण तरुणच होती. तिने जान्हवीचा मास्क खाली ओढला, जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडायला लावलं, आणि आत बॅटरी मारली. जान्हवी श्वास रोखून बसली.

"श्वास घ्या हो," डॉक्टरीण म्हणाली. "मला सवय आहे."

एवढ्या साध्या वाक्यावर जान्हवीचे डोळे भरून आले. आणि लगेच रागही आला, की हे वाक्य परक्या बाईकडून ऐकावं लागलं.

एक्सरेत सगळं दिसलं. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या, पुढच्या दाढेत रुतून बसलेल्या. अर्ध्या वर, अर्ध्या हिरडीखाली. "या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकतं," डॉक्टरीण काचेवर बोट ठेवून सांगत होती. "ब्रश तिथे पोचतच नाही. आत सडतं, पू होतो. उजवीकडे तर पूच आहे. वास त्याचाच."

"म्हणजे पोटाचा नाही?"

"पोटाचा काय संबंध?"

"आणि मी घासत नव्हते म्हणून पण नाही?"

"उलट फार घासलंय. हिरड्या सोललेल्या दिसतायत. दाढ आडवी आली, यात तुमचं काय चुकलं?"

जान्हवीने मान वळवून निलेशकडे बघितलं. तो भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागला.

आधी औषधांनी सूज उतरवली, मग उजवीकडची दाढ काढली, आणि महिन्याने डावीकडची. इंजेक्शनने दुखलं नाही, पण डोक्यात जाणारा तो कटकट आवाज, हाड तुटल्यासारखा, तिच्या कायमचा लक्षात राहिला. गाल टम्म फुगला. निलेशने सुट्टी काढून तांदळाची पेज केली, निवत ठेवली, चमच्याने भरवायला आला. तिने चमचा त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ली.

टाके निघाले. जखमा भरल्या. एका संध्याकाळी तिने त्याला समोर उभं केलं आणि त्याच्या तोंडावर हा करून श्वास सोडला.

"येतो?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, जान्हवी. अजिबात नाही."

"हे खरं, की मला वाईट वाटेल म्हणून?"

 काय बोललं तर तिचा विश्वास बसेल, हे निलेशला कळेना, आणि तिलाही कळेना. वास गेला होता, पण नवऱ्याचं 'नाही' हे 'नाही' आहे असं मानायची सोय राहिली नव्हती. शेवटी ती डॉक्टरणीकडेच जाऊन विचारून आली. तिथे "नाही" म्हटल्यावर तिला झोप लागली.

पार्लरमध्ये मात्र ती उभ्या उभ्या गेली. "मॅडम, दाढा काढल्या. आता मला आयब्रोवर बसवा."

रुचिरा मॅडमने पेपरमिंटची वाटी उगाच इकडची तिकडे केली. "अगं, मी तुला सांगणारच होते त्यावेळी. पण कसं सांगायचं..."

"तोंडाने," जान्हवी म्हणाली. "दहा वर्षं तुमच्याकडे काम केलं. गिऱ्हाइकांना सांगितलंत, नवीन मुलीला सांगितलंत, मलाच तेवढं नाही. मला टाचा घासायला बसवलं."

तिने आपली कात्री, आपला प्लकर आणि दोऱ्याची रिळं पिशवीत टाकली आणि बाहेर पडली. महावीर नगरच्या एका पार्लरमध्ये तिला जागा मिळाली. पहिलीच भुवई कोरायला वाकली तेव्हा सवयीने तिने श्वास रोखला, मग मुद्दाम सोडला. खालची बाई डोळे मिटून निवांत पडली होती.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जान्हवीच्या पोटात एक गोष्ट खुपत होती, आणि तिच्यावर एरंडेल चालणारं नव्हतं. श्वेता.

इस्टेटच्या फाटकाबाहेर तिने श्वेताला गाठलं. श्वेता तिला बघून थबकली.

"मी माफी मागायला आले," जान्हवी म्हणाली. "माझं चुकलं."

"मी काय करू तुमच्या माफीचं?" श्वेताचा आवाज थंड होता. "ती इथे फाटकावर मागताय. बोललात ते सगळ्यांसमोर. अजून लोक मी डबा उघडला की एकमेकांकडे बघतात. माझ्या भावापर्यंत गेलं ते. आणि तुमचे मिस्टर! त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. एक. ते सुद्धा त्यांच्याने झालं नाही. आजपर्यंत नाही."

"आजपर्यंत नाही?"

"नाही. माझ्याशी बोलणंच बंद केलं त्यांनी. मग लोकांना काय वाटणार?"

जान्हवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटत होतं, निलेशने ते केव्हाच निस्तरलं असेल. ती घरी आली. निलेश चहा पीत होता.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत मी गाळ्यावर येतेय," ती म्हणाली. "तू सगळ्यांसमोर सांगायचंस, श्वेताचा काही संबंध नव्हता."

"आता जुनं कशाला उकरून..."

"आणि का टाळत होतास ते पण सांगायचंस."

निलेशने कप खाली ठेवला. "अगं, म्हणजे तुझ्या तोंडाचं? सगळ्यांसमोर? तुझीच लाज जाईल."

"जाऊ दे. ती पोरगी माझी लाज अंगावर घेऊन फिरतेय."

वनमालाबाई मध्ये पडल्या. "गे, बायलमाणसाची आसली गोष्ट चारचौघांत कोण सांगता?"

"आई, चारचौघांना कळली होती. मलाच तेवढी कळली नव्हती."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. त्याच थप्प्या, तेच डबे. सगळ्यांनी हात थांबवले. आज काय नवीन, असं तोंडावर. निलेश उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता.

"त्या दिवशी... माझ्या बायकोचा गैरसमज झाला होता. श्वेताचा काही संबंध नाही. नव्हताच." तो थांबला. जान्हवीने नजर हलवली नाही. "हिच्या अक्कलदाढा सडल्या होत्या. तोंडाला वास यायचा. मला सांगता आलं नाही म्हणून मी हिला टाळायचो. मग हिला वाटलं... ते. आणि मी तेव्हा गप्प बसलो. चूक माझी."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. जान्हवीने तिकडे वळून विचारलं, "हसायला काय झालं? ये पुढे, सांग." कोणी पुढे आलं नाही.

श्वेताने डबा बंद केला आणि उठून तिच्यापर्यंत आली. "मला त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या जवळ आला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला बोलू दिलंत?"

 श्वेताने माफ केलं असं म्हटलं नाही, हसलीही नाही. "बरं झालं आलात," एवढंच म्हणाली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. पण तिच्या शेजारच्या बाईने आपला लोणच्याचा डबा तिच्याकडे सरकवला, आणि तिने त्यातली एक फोड उचलली.

निलेश फाटकापर्यंत सोडायला आला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं तुझं समाधान?" त्याने विचारलं.

"नाही."

"अजून काय राहिलं?"

"माहीत नाही. राग गेला की सांगेन." ती रिक्षाला हात करत म्हणाली. "तोंडावरच सांगेन. तेवढं तू पण शिक."

रिक्षा थांबली. ती बसली आणि ड्रायव्हरला मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाली, "महावीर नगर."