उतारावर थांबणारी गाडी

आमच्या जाऊबाईंना लोक 'ब्रेकवाली' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, कारण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. मी म्हणते तोंडावर, आणि त्या हसतात. पण मी धाकटी जाऊ, मला सगळं माफ आहे.

आमच्या घरचा धंदा बोटी ओढायचा. टेकाडावर यार्ड आहे, तिथे बोटी दुरुस्त होतात. तिथून त्या ट्रेलरवर चढवायच्या, खाली धक्क्यावर नेऊन पाण्यात सोडायच्या, हंगाम संपला की परत वर आणायच्या. मधे उतार आहे. फार लांब नाही, पण निम्म्यावर वळण आणि वळणाला दगडी भिंत. त्या भिंतीवर हातभर लांब निळा ओरखडा आहे, तो आमच्या जुन्या पिकअपचा.

तीन वर्षांपूर्वी भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, एक मोठी बोट घेऊन उतरत होते. मागून बोटीने असं रेटलं की वळणावर पिकअप वळलीच नाही. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि भाऊजींचा डावा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून काठी टेकत चालतात आणि विचारेल त्याला एकच सांगतात, "ब्रेक फेल झाले, दुसरं काय!" जाऊबाई तिथे असल्या तर उठून आत जातात. मला वाटायचं, आठवण नको म्हणून जात असतील. कसलं काय!

भाऊजी घरी बसले तेव्हा सगळे धरून चालले की आता गाडी आमचे हे चालवणार. आमच्या ह्यांना ट्रेलर मागे घ्यायला सांगा, घाम फुटतो. जाऊबाई बावन्न वर्षांच्या होत्या. एक दिवस जेवताना म्हणाल्या, "मी जड गाडीचं लायसन्स काढतेय." आमच्या ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मग महिनाभर आमच्या ओट्यावर एक खेळण्यातला ट्रक आणि त्याला दोऱ्याने बांधलेली काड्यापेटी. भाजी परतायची आणि मधेच ट्रक मागे घ्यायचा. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. घरी येऊन म्हणाल्या, "परीक्षक म्हणाला, बाई, घरी काही काम नाही का? मी म्हटलं, हेच घरचं काम आहे." दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

दोन वर्षं त्यांनी भाड्याच्या गाडीवर लहान बोटी ओढल्या. यंदा स्वतःची गाडी घ्यायची ठरली. घरात एकदाच घेता येईल अशी गाडी, चुकली तर दुसरी नाही. आणि चालवणार त्या. म्हणजे चुकली तर भिंतीवर कोणाचा ओरखडा उठणार, हे वेगळं सांगायला नको.

शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो. टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि जाऊबाईंना ओलांडून थेट ह्यांच्याशी बोलायला लागला. समोर काळी चकचकीत पिकअप उभी होती, आरशासारखी. इतके घोडे, तितकी ताकद, नऊ टन आरामात ओढते म्हणे. आमचे हे तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले. भाऊजीसुद्धा काठी बगलेत धरून बॉनेटवर हात फिरवत होते.

जाऊबाईंनी विचारलं, "स्वतः किती वजनाची आहे ही?"

विक्रेता म्हणाला, "मॅडम, वजन कशाला? ताकद बघा ना!"

"ताकद चढायला लागते. मला उतरायचंय."

तो हसला. मला असा राग आला त्या हसण्याचा! जाऊबाई मागच्या दाराने बाहेर गेल्या. तिथे जुन्या गाड्यांच्या रांगेत एक ट्रक उभा होता. पिकअपहून मोठा, मालवाहू ट्रकहून लहान, चपट्या नाकाचा, उडालेल्या हिरव्या रंगाचा. पूर्वी फर्निचर वाहायचा. जाऊबाई सरळ त्याच्याखाली घुसल्या. साडी खोचून, पाठीवर. आम्हाला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या, आणि आतून आवाज येत होता, "चासी जाड आहे... एअर ब्रेक आहेत... इंजिनाचा ब्रेकपण आहे."

ह्यांचा चेहरा पडला. "वहिनी, ही कचऱ्याची गाडी दिसते हो! लोक काय म्हणतील?"

"लोक उतारावर माझ्या शेजारी बसणार आहेत का?" त्या खालूनच म्हणाल्या.

भाऊजी चिडले. "अगं, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. मला कळतं की तुला? त्या दिवशी ब्रेक फेल झाले नसते तर पिकअप काही वाईट नव्हती."

जाऊबाई बाहेर आल्या. नाकावर काळं लागलेलं. नवऱ्याकडे बघितलं आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "दोन्ही गाड्या यार्डात आणा. बोट लावून बघू. जी उतारावर थांबेल ती घेईन."

यार्डात आमच्यासाठी एक काम वाट बघत होतं. यार्डाच्या मालकाची स्वतःची मोठी बोट शुक्रवारपर्यंत पाण्यात जायला हवी होती, नाहीतर पूर्ण हंगामाचं काम तो दुसऱ्याला देणार होता. तसं त्याने तोंडावर सांगितलेलं. हिरवा ट्रक फाटकातून आत येताना बघून त्याने कपाळाला हात लावला. "या खटाऱ्याने माझी बोट ओढणार? शोभा होईल माझी!"

"मग बोटीला सांगा, उतारावर हळू ये म्हणून," जाऊबाई म्हणाल्या.

पिकअपला ट्रेलर लावला. बोटीच्या कागदावर साडेसहा टन लिहिलेलं होतं. ट्रेलर धरून सव्वाआठ. विक्रेता हात चोळत म्हणाला, "बघा, नऊच्या आत!"

"कागदावरची बोट कोरी असते," जाऊबाई म्हणाल्या. "टाक्या रिकाम्या, नांगर नाही, साखळी नाही. तुम्ही अशी बोट पाण्यात सोडता का हो मालक?" मालक दुसरीकडे बघायला लागला. कारण तो डिझेलची टाकी वरच भरून घेतो, खाली महाग पडतं म्हणून. ते सगळ्या यार्डाला ठाऊक आहे.

मग जाऊबाईंनी डिझेल भरायला लावलं, पाणी भरायला लावलं. नांगर, साखळी, बॅटऱ्या, जनरेटर, मालकाच्या बायकोच्या गाद्यासुद्धा वर चढल्या. दीड तास गेला. आमचे हे घड्याळ बघून कंटाळले. जसजशी बोट भरत गेली, तसतशी पिकअप मागून बसत गेली आणि तिचे दिवे आभाळाकडे बघायला लागले. शेवटी ट्रेलर फाटकाजवळच्या वजनकाट्यावर नेला. काटेवाल्याने आकडा वाचला, "दहा टन सहाशे चाळीस."

विक्रेता सावरत म्हणाला, "थोडं इकडेतिकडे चालतं मॅडम. कंपनी मार्जिन ठेवते."

जाऊबाईंनी पिकअपची किल्ली त्याच्यापुढे धरली. "मग तुम्हीच उतरवा. मी शेजारी बसते."

त्याने टाय सैल केला. लायसन्स नाही म्हणाला. "बरं, मग लिहून द्या, चालतं म्हणून." तेही नाही. मग ती काळी पिकअप सोडवून बाजूला लावली, आणि आमचे हे तिच्याकडे न बघता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

हिरव्या ट्रकला ट्रेलर लागला. ट्रक जागचा दबलासुद्धा नाही. जाऊबाई वर चढल्या. आम्ही सगळे बाजूबाजूने खाली चालत निघालो. त्यांनी वरूनच गाडी लहान गियरमध्ये घातली, इंजिनाचा ब्रेक लावला, आणि ते धूड घुरघुरत माणसाच्या चालीने उतरायला लागलं. मागे बोट, घराएवढी. वळण आलं, भिंत आली. एअर ब्रेकचा फुस्स आवाज झाला आणि गाडी थांबली. बरोबर निळ्या ओरखड्याशी. पुढे नाही, मागे नाही.

त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून स्वतः चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग भिंतीला टेकून, पदराने मान पुसत उभ्या राहिल्या. मालकाकडे बघून म्हणाल्या, "हसताय ना? हसा. तुमची बोट इथे उभी आहे."

मालक हसत नव्हता.

भाऊजी सगळ्यांत शेवटी पोचले, काठी टेकत. त्या भिंतीपाशी ते तीन वर्षांत आलेच नव्हते. त्यांनी ओरखड्यावर हात ठेवला. मग वर फाटकाकडे बघितलं. तिथून काटा स्वच्छ दिसतो, वीस पावलांवर तर आहे फाटकापासून. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्रेक चांगले होते गं. काट्यावर रांग होती, म्हणून मी बोट वजन न करताच आणली."

आमचे हे काही बोलायला गेले, मी त्यांना कोपर मारलं.

"माहीत आहे मला," जाऊबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मीच विचारलं होतं, वजन केलं का? तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय."

भाऊजींची मान खाली गेली. मला वाटलं, आता ह्या त्यांना फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तरी मी काही बोलले नसते. तीन वर्षं पोटात ठेवलं होतं त्या बाईने. पण त्यांनी पलीकडचं दार उघडलं, काठी त्यांच्या हातातून घेतली आणि वर सीटमागे टाकली.

"चढा," म्हणाल्या. "अर्धा उतार अजून बाकी आहे."