बाल्कनीतली पोफळ

चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. आई गेली, एवढंच तो म्हणाला. माझ्या सासूबाई कोकणात, गावी, सकाळी वाडीला शिंपण करून ओटीवर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. महिना होऊन गेला. लोक भेटून म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. मला राग येतो. बिचाऱ्या त्या कधीच नव्हत्या, आणि सुटायचं त्यांच्या मनातही नव्हतं... त्यांचं भांडण अर्धं राहिलंय.

भांडण वादळापासूनचं. समुद्राला लागून आमची पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची वाडी. वादळात ती जवळजवळ सगळी मुळासकट आडवी झाली. आम्ही राहतो त्या चिखलीहून गावी पोचलो तेव्हा आई पडलेल्या झाडांमध्ये कोयता घेऊन उभ्या होत्या. शेजाऱ्यांची छपरं उडाली होती, पावसाळा तोंडावर आला होता. तिकडे पोफळीचं खोड वाया घालवत नाहीत. मांडवाला, छपराला तेच लागतं. आईंनी सगळी खोडं आळीत वाटून टाकली आणि खड्ड्यांत नवी रोपं लावली. पंचनामा होईपर्यंत हात लावू नकोस, असं नवरा सांगत होता. "पंचनामा येईल तवर त्यांची पोरं पावसात ठेवू काय?" म्हणाल्या, आणि परत कामाला लागल्या.

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा वाडी लख्ख साफ. पडलेलं झाड दिसत नाही, मग मदत कसली, असा त्याचा सवाल. आईंनी त्याला घरोघर फिरवलं. प्रत्येक घरात वर बोट करून वासे दाखवायच्या, "ही माझी. ही पन माझी. हिला मी माझ्या हातानं पानी घातलंय." शेजारणी माना डोलावत होत्या. मान दुखेपर्यंत वर बघून तो म्हणाला, मावशी, झाड जागेवर लागतं. आई शांतपणे म्हणाल्या, "झाड लागतं तिथंच हाय. तुमी जमिनीवर शोधताय."

ज्यांनी काही हलवलं नाही त्यांना मदत मिळाली. आईंचा अर्ज नामंजूर. मग अपील, तारखा. चिखलीला येऊन जरा टेकल्या, की तारीख लागली म्हणून एसटीने परत. मला वैताग यायचा. आम्ही खर्चाला देतो म्हटलं तर फणकारायच्या, "तुमच्याकडून घेतलं म्हंजे माझी झाडं पडलीच न्हाईत, असं झालं."

एका खेपेला त्यांनी आंब्याच्या टेम्पोतून पोफळीची एक लांब दांडी आणली आणि आमच्या बाल्कनीत बांधून तिच्यावर कपडे वाळत घालायला लागल्या. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. बिल्डिंगची शोभा जाते म्हणे. आईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की ही दांडी सरकारी कामातला पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत हलवता येत नाही. सेक्रेटरींना हसावं की नियम दाखवावा ते कळेना. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते.

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. सुट्टी टाकलीय. अपील ऐकणाऱ्या साहेबांना गावातल्या त्या छपरांखाली उभं करायचं आईंकडून राहिलं, ते मी करणार.

परवा सेक्रेटरी भेटायला आले. आईंबद्दल चार शब्द चांगले बोलले. मग बाल्कनीकडे बघत हळूच म्हणाले, वहिनी, बिल्डिंगला रंग द्यायचाय, आता ती दांडी... मी हातातली ओली चादर झटकली आणि दांडीवर पसरली.

"निकाल अजून लागलेला नाही," मी म्हटलं.